वहबा, एस. एफ.

डॉक्टर समीहाबाईंनी तो कागद थेट माझ्या बोटांवर ठेवला. मी कुणाच्यातरी प्रबंधाच्या दोनशे सतराव्या पानावर होते, तोंडात कलिंगडाची बी होती. टाइप करताना असं कुणी मधे आलं की माझं डोकं फिरतं, मग समोर कुणीही असो. मी वर बघितलं, तोंड उघडायला. तर बाई हसत होत्या, आणि ते हसू बरोबर नव्हतं. "वाच," म्हणाल्या, "मी स्वतःची टिमकी वाजवते म्हणे." कागद विद्यापीठाच्या बढती समितीचा होता. खाली सही, वर घुबडासारखा शिक्का. बाकी सगळं ठीक आहे, कांद्याच्या मुळावरच्या पांढऱ्या बुरशीचं काम चांगलं आहे, पण लेखिका शेवटच्या निबंधात अकरा ठिकाणी स्वतःच्याच जुन्या लेखांचा हवाला देते, हा संशोधनातला शिष्टाचार नव्हे, खुलासा गुरुवारी दुपारी बाराच्या आत करावा. त्या दिवशी मंगळवार होता. डिसेंबरात बाई साठ वर्षांच्या होणार होत्या. साठीला आपल्याकडे जे पद असतं तेच मरेपर्यंत. म्हणजे हा अर्ज फिरला असता तर 'प्राध्यापक' हा शब्द त्यांच्या नावामागे कधीच लागणार नव्हता, त्यांच्या दारावरच्या पाटीवरसुद्धा नाही. "मी कशाला माझे लेख सांगीन?" त्या म्हणाल्या. "माझे मला वाचवत नाहीत." नाशिदकाका, दुकानाचे मालक, बायंडिंगच्या मशीनमागून ओरडले, "डॉक्टरबाई, चहा?" बाईंनी ऐकलंच नाही.  

आमची गल्ली विद्यापीठाच्या भिंतीला चिकटून आहे, बैन-अस्सरायात वस्तीतली. इथे पोरं प्रबंध घेऊन येतात, आणि प्रबंधाचं शेपूट मी करते. शेपूट म्हणजे शेवटची यादी, कुणाकुणाची पुस्तकं वाचली ती. सगळ्यांना वाटतं सोपं काम आहे. येऊन करून दाखवा. अरबी प्रबंधात माणूस जशी हाक मारतात तसा येतो: आधी स्वतः, मागे बाप, त्याच्या मागे आजोबा, भाकरीच्या रांगेत उभे असल्यासारखे. पण इंग्रजी मासिकांच्या पद्धतीत शेवटचा पुढे येतो. आजोबा पहिला. मग स्वल्पविराम. मग आपण, एक अक्षर नि एक टिंब. मग बाप, तोपण एक अक्षर नि एक टिंब. हे काम शिकले तेव्हा मी दिसेल त्याची यादी करायचे. बसमधला कंडक्टर, पाटीवरचा दाताचा डॉक्टर, लग्नाच्या पत्रिकेतली नवरी. मी स्वतः राविया बक्र इलेवा, म्हणजे इलेवा, आर. बी. इलेवा या माणसाला मी कधी बघितलं नाही. तो इम्बाबात कलेजीची गाडी लावायचा म्हणे आणि गिऱ्हाइकाशी भांडायचा. तो माझ्या पुढे उभा राहतो याचं मला काही नाही. बाप एका अक्षरात मावतो, ते मात्र मला फार आवडलं होतं. बी आणि टिंब. बास. लिबियात गेला, तिथे दुसरं घर केलं, दर शुक्रवारी फोन करतो आणि मी उचलत नाही. एवढ्या माणसाला एवढीच जागा.

शाळा त्याच्यामुळेच सुटली, म्हणजे त्याच्यामुळे नाही, माझ्या हातामुळे. हजेरीला तिन्ही नावं वाचायचे. भूगोलाच्या बाई माझ्या नावाशी आल्या की मधेच थांबायच्या, "राविया... बक्र... काय गं, आला का बक्र?" सगळा वर्ग खिदळायचा. तीन वेळा ऐकून घेतलं. चौथ्या वेळी डस्टर फेकला. बाईंना लागला नाही, नकाशाला लागला, सुदानच्या जरा वर. आई मुख्याध्यापिकेपुढे रडली, मी नाही. नंतर ज्याला त्याला एकच प्रश्न: शाळा का सोडलीस, इतकी हुशार आहेस, परत जा. गिऱ्हाइकंसुद्धा. ज्यांना स्वतःच्या प्रबंधाचं नाव धड सांगता येत नाही तीसुद्धा. दीड वर्षात डॉक्टर समीहाबाई या एकट्या, ज्यांनी ते विचारलं नाही. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात पिशवी, पिशवीत कांदे. प्रयोगाच्या वाफ्यातले, प्रत्येकाला दोऱ्यानं नंबर बांधलेला. "हे निरोगी आहेत," म्हणाल्या, "आईला दे. एकोणीस नंबर कच्चा खा, गोड आहे." मी नाकानं हसले. रात्री खाल्ला. गोड होता. तेव्हापासून त्यांचं काम मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. त्या सगळं हातानं लिहितात, जांभळ्या शाईनं, इंग्रजी अक्षरंसुद्धा अरबीसारखी थोडी झुकलेली. मी टाइप करत असताना शेजारच्या स्टुलावर बसून शेंगदाणे सोलायच्या, सालं स्वतःच्या पर्समध्ये टाकायच्या, जमिनीवर नाही. जास्त करून बहिणीबद्दल बोलायच्या. सनिय्या असं म्हणते, सनिय्याला हे पटणार नाही. मोठी बहीण, चार वर्षांनी. कांद्याची बुरशी पहिल्यांदा तिनंच भिंगाखाली धरली होती, एकोणऐंशी साली. मग आईला अर्धांग झाला. दोघींपैकी एकीला घरी राहणं भाग होतं, आणि सनिय्यानं एका सकाळी पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून प्रयोगशाळेत समीहाच्या खिळ्याला अडकवला. एवढंच. भांडण नाही, चर्चा नाही. हे मला बाईंनी तीनदा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी इस्त्रीपाशी थांबायच्या.

मी त्यांचा निबंध संगणकावर उघडला. बाई मागे उभ्या, त्यांचा श्वास माझ्या डोक्यावरच्या रुमालावर. शोध: वहबा. वहबा, एस. एफ., १९७९. वहबा, एस. एफ., १९८३. परत एकोणऐंशी. परत त्र्याऐंशी. मोजत गेले. अकरा. आणि मग तो आकडा मला दुसऱ्या बाजूनं आठवला. जानेवारीतली दुपार, वीज दोनदा जाऊन आलेली, पोटात नुसता चहा, आणि बाईंच्या हस्तलिखितात जागोजागी त्या जांभळ्या झुकलेल्या अक्षरांत सनिय्या फहीम वहबा, सनिय्या फहीम वहबा. मी वैतागले होते. किती वेळा पूर्ण नाव लिहायचं, मासिकाचा नियम काय, या बाईंना काही कळतं का. मी एक आज्ञा दिली, सगळीकडे बदल. संगणकानं लगेच चौकट दाखवली होती: अकरा ठिकाणी बदल केला. मी 'ठीक' दाबलं आणि भजी आणायला गेले. तमिया, म्हणजे वाटलेल्या कडधान्याची भजी, तीळ लावलेली, गरम. मला ती भजीसुद्धा आठवली, किती चांगली होती ते.

समीहा फहीम वहबा. सनिय्या फहीम वहबा. आजोबा एक, बाप एक, राहता राहिलं ते एक अक्षर, तेही एकच. मी पडद्याकडे बघत बसले. मागे बाई हळूच म्हणाल्या, "काय गं, सापडलं का? मीच कुठे चुकले का? हल्ली माझं लक्ष नसतं." इथे मला गप्प बसता आलं असतं. जांभळी पानं माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, नाशिदकाका जुने कागद दर महिन्याला रद्दीत देतात, ती तेवढी मी देऊ दिली नव्हती. कुणाला कळलं नसतं. बाईंनी स्वतःलाच दोष दिला असता, आणि मला नक्की माहीत होतं की परत येताना कांदेपण आणले असते. त्या कांद्यांच्या विचारानंच माझं डोकं फिरलं. "नियमच तसा आहे!" मी ओरडले. "आद्याक्षर टाकायचं म्हणजे टाकायचं! मी काय माझ्या मनानं केलं?"

"काय केलंस?"

"तुम्ही पूर्ण लिहिलं होतं. सगळीकडे. मी पुसलं."

"एकेक करून?"

"नाही. एकदम."

बाई स्टुलावर बसल्या. नाशिदकाकांनी मशीन बंद केलं, म्हणजे ते ऐकत होते. "किती वेळ लागला?" बाईंनी विचारलं.

"एक सेकंद."

 मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आणि मी मेले असते तर बरं असं वाटलं. पण त्या हसत होत्या, या वेळी खरंच. "चौसष्ट वर्षांत सनिय्याला कुणाला गप्प करता आलं नाही," म्हणाल्या, "बापाला नाही, शेजाऱ्यांना नाही. तू एका सेकंदात केलंस." नाशिदकाका म्हणाले, "डॉक्टरबाई, ही पोरगी असलीच, आगीची. मी कामावरून काढतो हिला." ते दर आठवड्याला काढतात. बाई म्हणाल्या, "आधी हिला हे निस्तरू द्या. मग काढा."

आमच्याकडे नियमांचं जाड पुस्तक आहे, झेरॉक्सची झेरॉक्स, स्पायरल घातलेलं. मी ते पाठ आहे असं सगळ्यांना सांगते. पाठ आहेच, पण पहिली साठ पानं. ब्याऐंशीवं आणि त्र्याऐंशीवं पान तिळाच्या चटणीनं एकमेकांना चिकटलेलं होतं. सुरीनं सोडवलं. तिथे लिहिलं होतं: दोन लेखकांचं शेवटचं नाव आणि आद्याक्षरं सारखीच असतील, तर पुढे चौकोनी कंसात पहिलं नाव पूर्ण द्यावं. मला वाटलं, हे ज्यानं लिहिलं त्याच्या गावात असं शंभरात एकदा होत असेल, म्हणून त्र्याऐंशीव्या पानावर. इथे तर दर घरात पाच भावंडं, पाचांचा बाप तोच, आजोबा तोच, आणि आया हौसेनं एकाच अक्षराची नावं ठेवतात. आमच्या जिन्यातच हुसाम, हानी, हिशाम आणि हाला आहेत. आणि इथे बसून मी ते पान कधी उघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी अकराच्या अकरा जागा हातानं दुरुस्त केल्या. आज्ञा वापरली नाही. एकेक.

बुधवारी आम्ही दोघी समितीच्या खिडकीवर गेलो. तिथे इन्साफबाई बसतात, केसांत पेन्सिल, समोर भाजलेलं रताळं. त्यांनी नवी यादी बघितली, चष्म्याच्या वरून, मग खालून. "कंस कुणीही टाकेल," म्हणाल्या. "मी पण माझ्या नावापुढे कंसात राणी लिहीन. ही सनिय्या वेगळी बाई आहे याला पुरावा काय?"

"माझी सख्खी बहीण आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"असेल. वारली का?"

"नाही हो! देवाची कृपा."

"मग अवघड आहे. वारली असती तर दाखला जोडला असता. आता ती स्वतः पाहिजे, ओळखपत्र घेऊन. उद्या बारा. मी साडेअकरालाच नमाजाला उठते, मग गर्दी असते, बघा." मी काहीतरी बोलणार होते, बाईंनी माझी बाही धरली. चांगली घट्ट धरली. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ती येणार नाही. कोट ठेवून गेली त्यानंतर तिनं या फाटकात पाय ठेवलेला नाही. तीस वर्षं झाली. मी लग्न केलं तेव्हा इथल्या बागेत फोटो काढले, तेव्हाही ती रस्त्यावर उभी राहिली." मग जरा वेळानं, "तुझ्याशी तिचं जमेल. दोघी सारख्याच." मला हे आवडलं की नाही ते मला कळलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही मनियलला गेलो. चौथा मजला, जिना अंधारा, प्रत्येक वळणावर मांजर. सनिय्याबाई गॅलरीत मटार सोलत होत्या, मांडीवर परात. डोळे बहिणीसारखे, हनुवटी मात्र कुऱ्हाडीसारखी. "ही कोण?" म्हणाल्या. "मला पुसणारी?" म्हणजे फोनवर सगळं सांगून झालं होतं. डॉक्टरबाई अपराध्यासारख्या दारातच उभ्या. "सनिय्या, ऐक ना..."

"ऐकलं काल तासभर. नाही येणार. आणि हवंय कशाला? ते दोन लेख तुझेच म्हणून सांग. घेऊन टाक. त्यात माझं काय आहे? वहबा तुझाही आजोबा, फहीम तुझाही बाप. एक एस राहिला, तोपण तुझ्याकडे आहे." शेंग फोडली, दाणे परातीत. "मला या वयात नाव घेऊन काय लोणचं घालायचंय?"

"माझे म्हणून सांगितले तर ते म्हणतात मी टिमकी वाजवते."

"मग वाजव की जरा! आयुष्यात कधी वाजवलीस?"

 डॉक्टरबाई रिकाम्या शेंगा गोळा करायला लागल्या, पर्समध्ये टाकायला लागल्या, शेंगदाण्याच्या सालांसारख्या. ते बघून माझ्या कानामागे गरम झालं. खाली बसचा हॉर्न वाजत होता, दहा वाजून गेले होते. या म्हातारीला कळतच नाहीये, मी म्हटलं मनात, आणि मग मनात नाही, मोठ्यानं म्हटलं. "तुम्हाला कळतच नाहीये! मला त्रास होत होता यांच्या हस्तलिखिताचा, एवढं पूर्ण नाव! एका ठिकाणी लिहिलं असतं तर चाललं असतं. यांनी अकरा ठिकाणी लिहिलं, एकदाही आखूड नाही केलं!" मी पिशवीतून जांभळी पानं काढून परातीवरच ठेवली, मटारावर. "मोजा!"

  सनिय्याबाईंनी ओल्या बोटांनी पहिलं पान उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं. खरंच मोजलं. ओठ हलत होते. मधे एकदा थांबल्या आणि म्हणाल्या, "त्र्याऐंशीच्या लेखातलं तापमान चुकलंय तुझं, बावीस होतं." डॉक्टरबाई म्हणाल्या, "तू वीस लिहिलं होतंस." "छपाईची चूक. बावीस." शेवटच्या पानावर त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग परात बाजूला ठेवली. "समीहा, माझे काळे बूट पलंगाखाली आहेत. आणि ते मटार पिशवीत भर, फुकट जायला नकोत."

खाली उतरायला वीस मिनिटं लागली, गुडघे. टॅक्सीत त्या दोघी मागे बसून बावीस की वीस यावर भांडत होत्या. फाटकाशी सनिय्याबाई थांबल्या. मला वाटलं झालं, आता वळणार. त्या फक्त म्हणाल्या, "रंग बदललाय," आणि माझा हात धरला. हात कोरडा, हलका, मटाराचा वास. आम्ही आत गेलो.

अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटं. इन्साफबाईंनी दोन्ही ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवली. "यातली एस. एफ. वहबा कोण?"

"मी," दोघी म्हणाल्या.

"देवा. सकाळपासून मीच का सापडते?" त्यांनी फॉर्म काढला. "दोन साक्षीदार लागतील, या दोन वेगवेगळ्या बायका आहेत असं सांगणारे." चहावाला शाबान ट्रे घेऊन चालला होता, त्याला थांबवलं. तो म्हणाला, "वेगळ्या आहेत की. एक रागावलीय, एक नाही." त्यानं सही केली. मग फॉर्म माझ्यापुढे आला. मी आर. बी. इलेवा लिहायला लागले, हाताची सवय, आणि इन्साफबाईंनी पेन्सिलीनं माझ्या बोटांवर टकटक केलं. "पूर्ण. तिन्ही. आद्याक्षरं इथे चालत नाहीत."

मी खोडलं. राविया लिहिलं. मग पेन थांबलं. खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसत होतं, मागे त्या दोघी, एकीच्या हातात मटाराची पिशवी. दीड वर्षात मी ते नाव हातानं लिहिलं नव्हतं, ओळखपत्रावर दिसायचं तेव्हाही त्यावर अंगठा ठेवायचे. बापानं एकदा मला खांद्यावर घेऊन याच भिंतीबाहेरून नेलं होतं, मी चार वर्षांची, आणि आत काय आहे विचारलं तर म्हणाला होता, आत कांदे पिकवतात. मी विसरलेच होते. की तेव्हाच पुसलं होतं, कोण जाणे.

"काय गं," सनिय्याबाई म्हणाल्या, "बापाचं नाव विसरलीस?"

"नाही."

"मग लिही की. ती बाई नमाजाला उठेल."

बक्र. चारच रेघा लागल्या. मग इलेवा. इन्साफबाईंनी शिक्का शाईत बुडवला आणि इतक्या जोरात मारला की रताळं उडालं. "आक्षेप निकाली," म्हणाल्या. "एवढाच होता. आता समिती बसली की सही होईल, अभिनंदन, पेढे आणा," आणि खिडकी लावून निघून गेल्या. डॉक्टरबाई तिथेच उभ्या राहिल्या, पर्स छातीशी. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला उगाच कुणाला रडताना बघायला आवडत नाही.

व्हरांड्यात बाकावर बसून सनिय्याबाईंनी यादीची दुसरी प्रत मागितली. नावांवरून बोट फिरवत फिरवत स्वतःपाशी आल्या. वहबा, एस. एफ., पुढे चौकोनी कंस, आत सनिय्या. "हे काय? पिंजऱ्यात घातलंय मला."

"नियम आहे," मी म्हटलं. "त्र्याऐंशीवं पान."

"आणि ही?"

मी खालची ओळ दाखवली, निबंध कुणाचा ते सांगणारी. वहबा, एस. एफ., कंस, समीहा. सारखे असले की दोघींनाही घालावं लागतं.

"शेजारीच आहे मी," डॉक्टरबाई म्हणाल्या, नाक पुसत.

सनिय्याबाईंनी दोन्ही ओळी परत एकदा वाचल्या. "मग असू दे," म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून मटाराच्या पिशवीत ठेवली.